तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्क्युलेटर न काढता हिशोब कसा येतो?

माझं कापडाचं दुकान आहे आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "दादा, एवढं पटकन तोंडी कसं सांगता हो?" परवा एका ताईंनी १४० रुपये मीटरचं सव्वादोन मीटर कापड घेतलं, मी कात्री खाली ठेवायच्या आत ३१५ म्हणालो, त्यांनी मोबाईलवर करून बघितलं आणि मग हाच प्रश्न. गिऱ्हाईक असतं, गडबड असते, मी "शाळेत शिकलो" म्हणून मोकळा होतो. पण ते उत्तर अपुरं आहे, गुरुजींचं नाव न घेतल्यासारखं वाटतं, म्हणून आज नीट सांगतो.

कोरेगाव तालुक्यातलं आमचं खेडं, जिल्हा परिषदेची शाळा, खोल्या दोन आणि वर्ग चार. १९७६ ला मी पहिलीत गेलो. पहिली-दुसरी बाईंकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं. जमीन मातीची, शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी आम्ही पोरं शेण-पाणी आणायचो आणि मुली सारवायच्या, सोमवारी दार उघडलं की तो वास यायचा, अजून कुठं सारवलेलं दिसलं की मला शाळाच आठवते.

तर गुरुजींच्या खोलीत एका बाजूला तिसरी, एका बाजूला चौथी. चौथीची पोरं मोठ्यानं दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणायची, दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, आणि आम्ही तिसरीतले पाटीवर शुद्धलेखन करत करत ऐकायचो, त्यामुळं चौथीत जाईपर्यंत ती आपोआप पाठ झालेली असायची. तीसपर्यंत पाढे, मग पाव, अर्धा, पाऊण, सव्वा अशांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी. आमच्या पुस्तकात हे नव्हतंच. रुपयाचे सोळा आणे होते, मापाला शेर-पावशेर होता, तेव्हा त्याची रोज गरज लागायची. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढं किलो-मीटर आले आणि हे पाढे हळूहळू मागं पडले. पण गुरुजी म्हणायचे, माप बदललं तरी माणूस पाव किलो आणि दीड मीटरच मागणार. पस्तीस वर्षं गल्ल्यावर बसून सांगतो, खरंच तसंच मागतात.

पण नुसतं पाठांतर म्हणाल तर ते तेवढंच नव्हतं. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी विचारायचे, "कसं काढलंस?" आमच्या भागात घेवडा, म्हणून गणितातही घेवडाच. चार रुपये किलोनं पावणेतीन किलोचे किती? एकानं तीन किलोचे बारा काढून पाव किलोचा एक रुपया वजा केला, एका मुलीनं दोन किलोचे आठ आणि पाऊण किलोचे तीन अशी बेरीज केली, दोघांचेही अकरा. गुरुजींनी दोन्ही रीती फळ्यावर लिहिल्या आणि दिवसभर पुसल्या नाहीत. चुकलेल्यालाही हेच विचारायचे, आणि सांगता सांगता त्याची त्यालाच चूक सापडायची. मी सातच्या पाढ्यात कायम अडखळायचो, पण त्यांनी मला कधी मध्येच तोडलं नाही, अख्खा वर्ग थांबायचा.

आठवडी बाजारात गुरुजी दिसले की पोटात गोळा यायचा आणि आनंदही व्हायचा! भाजीवालीनं वजन केलं की ते माझ्याकडं बघायचे, मी आकडा सांगेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. शेजारी आई उभी असायची, तिला अक्षर येत नव्हतं, पण माझा आकडा बरोबर आला की ती पदर सावरून इकडंतिकडं बघायची, तो तिचा चेहरा मला आजही दिसतो.

बाईंचंही सांगायला हवं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायचं आलं आणि दुकानातसुद्धा लोक तावातावानं बोलत होते. मला त्यात वावगं वाटलं नाही, कारण बाई पहिलीत काड्यांचे दोन गठ्ठे आणि वर एक काडी ठेवून "वीस आणि एक, एकवीस" असंच म्हणून घ्यायच्या. ज्याला एकोणतीस आणि एकोणचाळीस यात गोंधळ व्हायचा त्याला बाई मधल्या सुट्टीत जवळ बसवून काड्या मोजायला लावायच्या, रागावल्याचं आठवत नाही.

आता पुढचा प्रश्न असतो, आमच्या पोरांना येईल का? येईल की. संध्याकाळी दिवा लावल्यावर आमच्या घरी परवचा, म्हणजे श्लोक आणि पाढे, म्हणायचो तसं रोज दहा मिनिटं पाढे मोठ्यानं म्हणू द्या, आणि दुकानात गेलात की आधी त्यांना आकडा सांगू द्या, चुकला तर विचारा कसं काढलंस. आणि दिडकी तुम्हालाच येत नसेल तर मंगळवारी दुपारी माझ्याकडं गर्दी नसते, पोरांना घेऊन या, मी म्हणून दाखवतो.