साखर संपली, हे कोण कसे सांगेल?

मी आज आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहितो. श्रुतिकेत नेपथ्य नसते, वेशभूषा नसते, चेहराही नसतो. श्रोत्याच्या कानावर पडते ते केवळ बोलणे, आणि तेवढ्यावरून त्याला माणूस ओळखावा लागतो. प्रत्येक पात्राला त्याचे स्वतःचे बोलणे कसे द्यावे, याचे पहिले धडे मला याच शाळेत, आठवीच्या वर्गात, मराठीच्या बाईंकडून मिळाले, हे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते.

निबंधाच्या तासाला बाईंनी एकदा फळ्यावर 'घरातली साखर संपली आहे' एवढेच लिहिले आणि घरातल्या निरनिराळ्या माणसांच्या तोंडून तेच सांगायला लावले. बोलणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, ते वर्गाने ओळखायचे, अशी अट होती. तोंडी 'गं बाई' घातले म्हणून आजी उभी राहत नाही, हे त्यांचे नेहमीचे सांगणे. एका मुलीने लिहिले, "आज चहा गुळाचा केला तर चालेल का?" ही नवी सून, हे वर्गाने तत्काळ ओळखले. "डबा वाजायला लागलाय म्हटलं!" ही सासू. "पाच तारखेपर्यंत पुरेल म्हणाला होतात ना?" हे हिशेब ठेवणारे आजोबा. तिन्ही वाक्यांत साखरेचे नावही नव्हते. प्रत्येकाचे घरातले स्थान मात्र त्यांत स्पष्ट दिसत होते.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. ती वाचून दाखवताना, पुरुष लेखकाने नायिका यमूला स्वतःची हकीकत घरगुती बायकी बोलीत सांगू दिली आहे, याकडे बाई आमचे लक्ष वेधत. उच्चार आणि व्यक्तिमत्त्व यांतला भेद त्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकावरून समजावला. त्यातली फुलवाली एलायझा प्रतिष्ठितांच्या बैठकीत एका उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिकवलेल्या निर्दोष उच्चारांत बोलते, पण सांगते काय, तर घरातल्या एका म्हातारीला घरच्यांनीच संपवले असावे, हा आपला संशय! उच्चार प्राध्यापकांचे असले तरी विषय, आठवणी आणि रोखठोकपणा तिचाच राहतो. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी रचलेली 'ती फुलराणी' 1975 मध्ये रंगभूमीवर आली, आणि तिच्या नायिकेत, मंजुळेतही मला हीच गोष्ट दिसली. पात्रलेखनाचा याहून चांगला पाठ मला अद्याप सापडलेला नाही.

बोलीची गोडी मला मान्य आहे, परंतु केवळ मालवणी किंवा वऱ्हाडी क्रियापदे पेरल्याने पात्र वेगळे होते, असे मी मानत नाही. एकाच वाड्यातले दोन सख्खे भाऊ एकच बोली बोलतात, तरी एक प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो आणि दुसरा वाक्य अर्धे सोडून उठून जातो. म्हणून श्रुतिका लिहायला घेताना मी प्रथम कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, हे ठरवतो. एरवी लेकीला 'अगं' म्हणणारे वडील रागावले की "तुम्ही आता मोठ्या झालात" असे म्हणतात. त्या एका 'तुम्ही'नंतर लेकीने किती वेळ गप्प राहायचे, तेही मी संहितेत लिहून ठेवतो.