फेअरफिल्ड हॉर्सशूची फेल रेस, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

उत्तर इंग्लंडात डोंगराला फेल म्हणतात आणि त्या डोंगरांवर पळायच्या स्पर्धा म्हणजे फेल रेस. आम्ही केली ती फेअरफिल्ड हॉर्सशू, लेक डिस्ट्रिक्टमध्ये अँबलसाइडजवळ, साधारण ९ मैल लांब आणि ३००० फूट चढ, म्हणजे साडेचौदा किलोमीटर आणि ९०० मीटरच्या थोडं वर. बरोबर माझा मावसभाऊ होता, तो पुण्याहून कामासाठी इकडे आलाय, सिंहगडावर पळत जाणारा मुलगा, पाय दणकट. मँचेस्टर-लीड्सच्या आपल्या लोकांमध्ये हल्ली पळणारे बरेच झालेत, हाफ मॅरेथॉन वगैरे करतात आणि मग विचारतात की डोंगरावरच्या रेसला येऊ का, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. या जरूर, पण रोड रेसच्या हिशोबाने येऊ नका.

आधी रेस कशी निवडायची ते. फेल रनर्स असोसिएशन नावाची संस्था आहे, १९७० पासूनची, त्यांचं वर्षभराचं कॅलेंडर ऑनलाइन बघायला मिळतं. त्यात प्रत्येक रेसपुढे दोन अक्षरं असतात, ती नीट वाचायची. पहिलं अक्षर चढाचं: ए म्हणजे दर किलोमीटरला सरासरी निदान ५० मीटर चढ, बी म्हणजे २५, सी म्हणजे २०. दुसरं लांबीचं: एस म्हणजे १० किलोमीटरपर्यंत, एम म्हणजे १० ते २०, एल त्याच्या पुढे. फेअरफिल्ड एएम आहे. पहिल्याच खेपेला एएम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी उन्हाळ्यात आठवड्यातल्या संध्याकाळी होणाऱ्या छोट्या बीएस, एएस रेस करा, चार-पाच मैलांच्या, गावातल्या मैदानातून सुटून समोरच्या टेकडीला हात लावून परत. अँबलसाइडचीच लॉफरिग फेलची रेस तशी आहे. तिथे उतारावर पळणं म्हणजे काय ते कळतं आणि चुकलात तरी खाली गाव दिसत असतं. एएलच्या नादी तर लगेच लागूच नका, वॉझडेल, एनरडेल, बॉरोडेल असल्या रेसना आधीचा अनुभव दाखवावा लागतो आणि तो नियम योग्यच आहे. एन्ट्री फी रोड रेसच्या मानाने फारच कमी असते, त्यात मेडल नाही, टीशर्ट नाही, रस्त्यात केळी आणि पाणी वाटणारे टेबल नाहीत, आणि मला तेच आवडतं.

जायचं कसं: मँचेस्टरहून ट्रेनने विंडरमिअर, बहुतेक वेळा ऑक्सनहोमला बदलावी लागते, आणि विंडरमिअर स्टेशनच्या बाहेरूनच ५५५ नंबरची बस केझिककडे जाते, ती रायडलला थांबते, रेस तिथूनच सुटते. गाडीने गेलात तर लवकर पोचा, रायडल हे टीचभर गाव आहे आणि रस्त्याकडेला गाडी लावून शेतकऱ्याचं फाटक अडवलंत तर पुढच्या वर्षी रेसला परवानगी मिळायची पंचाईत होते. या रेस शेतकऱ्यांच्या आणि जमीनमालकांच्या भरवशावर चालतात. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, दगडी भिंतीवर चढायचं नाही, मेंढ्यांची कोकरं असतील तर लांबून जायचं.

आता किट. रजिस्ट्रेशनच्या टेबलापाशी पिशवी उघडायला लावतात आणि एकेक वस्तू खरोखर बघतात. टोपीसकट वॉटरप्रूफ जॅकेट ज्याच्या शिवणी आतून टेप केलेल्या आहेत, वॉटरप्रूफ पँट, डोक्याला टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि थोडं खाणं. आमच्या पुढे एक मुलगा पातळ विंडचीटर घेऊन उभा होता, मार्शल बाईंनी जॅकेट उलटं करून शिवणीवरून बोट फिरवलं, टेप नाही म्हटल्यावर शांतपणे सांगितलं की हे चालणार नाही, दुसरं असेल तर घेऊन ये. त्याने मित्राचं जास्तीचं आणलं तेव्हाच नंबर मिळाला. बाहेर तेव्हा ऊन होतं. मावसभाऊ मला हळूच म्हणाला, "ताई, एवढ्या उन्हात हे सगळं खरंच लागेल का गं?" मी त्याला वर बघ म्हटलं, फेअरफिल्डचा माथा ढगात होता.

हे कडक का आहे ते समजून घ्या. रायडल समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर, माथा ८७३ मीटरवर, म्हणजे नुसत्या उंचीने पाचेक डिग्री तापमान उतरतं, त्यात वारा आणि अंगावर ओला बनियन. पळतोय तोवर गरम वाटतं, पाय मुरगळून बसलात की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात, आणि मदत पोचायला तास-दोन तास सहज लागतात कारण माउंटन रेस्क्यूवाले स्वतःची कामं सोडून येणारे स्वयंसेवक असतात. २०१२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्याच एका रेसमध्ये एक धावपटू परत आला नाही, त्यानंतर असोसिएशनने सुरक्षेचे नियम नव्याने लिहून काढले. म्हणून दोन गोष्टी कधीही मोडू नका. एक, रेस अर्ध्यात सोडलीत तर कुठूनही खाली उतरा पण फिनिशला जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगा की मी आलोय, नाहीतर अंधारात पंचवीस माणसं तुम्हाला डोंगरावर शोधत फिरतात आणि तुम्ही घरी चहा पीत असता. दोन, कुणी जखमी दिसलं तर थांबायचं, तुमची वेळ गेली तर गेली. शिटीचा इशारा पाठ करून ठेवा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. फोनला रेंज असेल तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

रेस सुटली. सुरुवातीला रायडल माउंटच्या घरावरून जाणारा डांबरी चढ आहे, वर्ड्सवर्थ कवी शेवटपर्यंत राहिला ते घर, तिथे बरेच जण उगाच पळत सुटतात. डांबर संपलं की नॅब स्कारची दगडी वाट सुरू होते आणि सगळे चालायला लागतात, पुढचेसुद्धा. दोन्ही हात गुडघ्याच्या वर मांडीवर दाबून, पाठ वाकवून, बारीक पावलं. चढावर चालण्यात काही कमीपणा नाही, तीव्र चढाला चालणं हे पळण्याइतकंच वेगात होतं आणि दम टिकतो. इथे सह्याद्रीचे पाय कामाला येतात हे मी छातीठोक सांगते. सिंहगडाचा आतकरवाडीकडून चढ ज्याने नेमाने केलाय त्याला नॅब स्कारची भीती नाही, मावसभाऊ तर एकेकाला मागे टाकत माझ्यापासून लांब गेला.

नॅब स्कार, मग हेरॉन पाइक, मग ७६६ मीटरचा ग्रेट रिग असं धारेवरून उत्तरेला जात राहायचं. डावीकडे खाली ग्रासमिअरचं तळं, मागे वळलात तर विंडरमिअर लांबच लांब पसरलेलं, पण बघायला थांबावं लागतं कारण जमीन तुमच्यावर उपकार करत नाही. गवताखाली पाणी असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर म्हणजे घसारा आणि मुरूम, इकडे बारा महिने दलदल, पाय पोटरीपर्यंत आत जातो आणि बूट ओढून काढावा लागतो. त्यासाठीच फेलचे बूट वेगळे, तळाला खोल दात असलेले, टाचेला कमी फोम, पाऊल जमिनीच्या जवळ. बोल्टनचे वॉल्श जुने लोक अजून वापरतात, इनोव्ह-८ चे भरपूर दिसतात. रोडचे जाड गादीवाले बूट घालून येऊ नका, घोटा वळतो. लेस डबल गाठ मारून बांधा.

ग्रेट रिगनंतर आम्ही ढगात शिरलो आणि इथून पुढचं लिहिण्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. फेअरफिल्डचा माथा सपाट आहे, ताटासारखा, सगळीकडे दगड आणि दगडांचे ढीग, ढगात सगळे ढीग सारखेच दिसतात. उत्तरेच्या बाजूला सरळ कडे आहेत. आपण दक्षिणेकडून चढून येतो आणि चेकपॉइंटला नंबर दाखवून उजवीकडे, जवळजवळ काटकोनाहून जास्त वळून, हार्ट क्रॅगकडे जायचं असतं. सरळ पुढे गेलात तर कोफा पाइककडे उतराल, डावीकडे गेलात तर ग्राइझडेल टार्नकडे, दोन्हीकडे वाटा ठळक आहेत म्हणून माणसाला शंकाच येत नाही. मावसभाऊ चेकपॉइंटच्या पुढे दहा पावलांवर उभा होता. "ताई, रिबिनी कुठे आहेत? बाण?" म्हणाला. रिबिनी नसतात. वाट तुमची तुम्ही शोधायची, फक्त चेकपॉइंट ठरलेले. आणि पुढच्या माणसाच्या मागे जाणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण तोही त्याच्या पुढच्याच्या मागे चाललेला असतो.

मी होकायंत्राची दिशा घरीच नकाशावरून काढून हाताच्या पंजावर पेनने लिहून ठेवली होती, फेअरफिल्डवरून आधी पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे उतरत लिंक हाउजच्या खिंडीत. थांबून, सुई स्थिर होऊ देऊन, त्या दिशेला दिसणारा एक दगड पकडायचा, तिथपर्यंत जायचं, परत बघायचं. यात अर्धं मिनिट जातं. शेजारून चार जण भराभर भलतीकडे गेले, आम्ही हाक मारली, दोघं परत आले, दोघं ढगातच गेले. ते खाली सुखरूप पोचले पण आमच्या बऱ्याच मागून. हे होकायंत्राचं काम फोनवर ढकलू नका, ओल्या स्क्रीनवर गारठलेली बोटं चालत नाहीत. होकायंत्र कसं वापरायचं ते घराजवळच्या पार्कात शिकून घ्या, नकाशा २५ हजारी किंवा ४० हजारी स्केलचा चालतो, आणि जमलं तर रेसच्या आधी एका रविवारी सगळा रूट चालून या. स्थानिक लोक जिंकतात ते पायांमुळे आणि या आधीच्या फिरण्यामुळेही.

हार्ट क्रॅग चढून गेलं की पुढे डव्ह क्रॅगपासून एक जुनी दगडी भिंत धारेवरून दक्षिणेला उतरत जाते, हाय पाइक, लो पाइक करत. ढगात ही भिंत म्हणजे देवाने दिलेला कठडा, ती सोडायची नाही. आणि इथून उतार सुरू होतो, जिथे माझ्या मते फेल रेस खऱ्या अर्थाने होते. चढावर आम्ही ज्यांना मागे टाकलं ते पांढऱ्या केसांचे आजोबा, सत्तरीच्या गटातले, हाय पाइकच्या उतारावर हात पसरून माझ्या बाजूने असे निघून गेले की त्यांचे पाय जमिनीला लागताना मला ऐकू आले नाहीत. मी त्यांच्याकडे बघूनच शिकले: नजर पायाशी नाही, चार-पाच मीटर पुढे, पावलं बारीक आणि भरभर, अंग मागे टाकायचं नाही कारण मागे झुकलात की टाच घसरते, ओल्या खडकापेक्षा गवत बरं. मांड्या पुढून पेटतात, ती ताकद सपाटीवर पळून येत नाही, उतारावरच उतरून येते. आपले ट्रेकर लोक उतार गुडघे सांभाळत उतरतात, ती सवय ठेवून इथे जागा टिकत नाही, म्हणून सरावाला पेंडल हिल किंवा किंडर स्काउटला जाऊन फक्त उताराचे फेरे मारा.

लो पाइकच्या आसपास भिंतीलगत एक खडकाची पायरी लागते, हात टेकून उतरावं लागतं, तिथे घाई नको. त्यानंतर चालणाऱ्यांची मोठी वाट सरळ अँबलसाइडला जाते पण रेस संपते रायडलला, तेव्हा उजवीकडे कुठे वळायचं ते रेसच्या नकाशात आधीच पाहून ठेवा, थकलेल्या डोक्याला तिथे सुचत नाही.

खाण्याचं: जेल वगैरे असतं लोकांकडे, आम्ही कमरेच्या बॅगेत शेंगदाण्याची चिक्की तुकडे करून नेली होती, थंडीत दाताला कडक होते म्हणून राजगिऱ्याची वडी जास्त बरी, पावसात हातात भुगा होतो तेवढं सांभाळा. एक तुकडा रेस संपेपर्यंत हात न लावता ठेवायचा, तो अडचणीसाठी.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथचा जुना नियम आहे, दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास, तो चालणाऱ्यांचा. त्या हिशोबाने इथले साडेचार तास होतात, रेसमध्ये तुम्ही त्याच्या निम्म्यात आलात तरी पहिल्या खेपेला उत्तम. कटऑफ, म्हणजे पोचायची ठरलेली शेवटची वेळ, आहे का ते एन्ट्री करतानाच वाचा.

फिनिशनंतर कोरडे कपडे लगेच घाला, मग पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागे नीट बघा, नेच्याच्या झाडीत गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम डिसीज होतो, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायचा, मुरगळायचा नाही. पुढचे काही आठवडे त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा.

आम्ही हिरवळीवर बसलो होतो तेव्हा ते आजोबा आले, मावसभावाला म्हणाले की चढतोस छान, आता उतरायला शिक. बोलता बोलता जॉस नेलरचा विषय निघाला, वॉझडेलचा मेंढपाळ, १९७५ मध्ये त्याने २३ तास २० मिनिटांत ७२ शिखरं केली होती, २०२४ मध्ये गेला. आजोबांनी त्याला डोंगरावर पळताना पाहिलेलं आणि ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मावसभावाने तिथेच ऑक्टोबरच्या लँगडेल हॉर्सशूचं नाव काढलं. ती लांब आहे, खडकाळ आहे, क्रिंकल क्रॅग्जवर बॅड स्टेप नावाची कड्याची पायरी आहे आणि त्या दिवसांत ढग असतोच. मी त्याला हो म्हटलंय, पण त्याआधी दोन वेळा चालून रूट बघायचा आणि होकायंत्र या वेळी त्याने चालवायचं.