जागा ‘छान’ आहे, हे मोजता तरी कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शहरातल्या जागा लोकांना कशा वाटतात याची पाहणी करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “व्यक्ती तितक्या प्रकृती, मग एखादा चौक किती आवडतो हे आकड्यात कसं बसवता?”

एक तर मी गुण मागत नाही. दहापैकी किती, असं विचारलं की कुणी हात आखडता घेतो, कुणी सात-आठ देऊन मोकळा होतो. त्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवून ‘यातला सुंदर कुठला?’ विचारलं की उत्तर पटकन येतं. अशा जोड्यांवरून मोजपट्टी कशी काढायची, याचं गणित थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच मांडलंय.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ‘प्लेस पल्स’ प्रकल्पाने हेच इंटरनेटवर केलं. ५६ शहरांतले सुमारे १ लाख ११ हजार फोटो, ११ लाखांहून जास्त तुलना. आकडा दणदणीत वाटतो ना? पण प्रश्न सहा होते: सुरक्षित, सुंदर, उदास वगैरे. प्रत्येक तुलनेत दोन फोटो असतात हे धरून भागाकार केला तर एका प्रश्नासाठी एका फोटोच्या वाट्याला सरासरी तीन-चार तुलना येतात. त्यामुळे एकाच गल्लीचा आकडा घेऊन कुणी वाद घालायला आलं तर मी त्यात पडत नाही. हजारो फोटोंतून दिसणारा कल मात्र मानते. लंडनच्या फोटोंवरच्या २०१४ च्या अभ्यासात सौंदर्याशी सगळ्यात जास्त जुळली ती हिरवाई. रुंद रस्ते आणि किल्ल्यासारख्या इमारती उलट्या बाजूला गेल्या.

आता खरी मेख. हे फोटो बहुतेक गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्याचे, म्हणजे अर्धी चौकट डांबरच. आवाज नाही, वास नाही, टेकायला कट्टा आहे का तेही कळत नाही. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसंच पाहिली. गर्दीपासून लांब जायचंय म्हणणारे लोक गर्दीतच येऊन बसत. सुटी खुर्ची असेल तर बसण्याआधी ती उगाचच चार बोटं सरकवत!

म्हणून फोटोंचं काम झालं की मी जागेवर जाऊन उभी राहते. कोण थांबलं, किती वेळ, एकटं की सोबतीने, एवढंच टिपते. दोन्हींचा मेळ बसला नाही तर सरासरी काढत नाही, दोन्ही आकडे वेगवेगळे देते. आणि तरीही कुणी ‘एकच सांगा’ म्हणून अडून बसलं, तर जिथे लोक थांबले ती जागा सांगते.