कंटेनरच्या दिवशीचे दोन सुपरवायझर

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यात, केळी धुऊन पेट्यांत भरणाऱ्या एका पॅक हाऊसमध्ये मी क्वालिटी आणि हजेरी दोन्ही सांभाळतो. मे महिन्यात ही दोन्ही कामं म्हणजे डोक्याला ताप. बाहेर पारा 45 च्या आसपास, आत हौदावर बाया, आणि गेटवर आखाताकडे जाणारा रेफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर उभा.

आमच्याकडे सुपरवायझर दोन. फैजपूरवाले भाऊ टोळीत शिरले की घटकाभरात कोणाचं गाव कुठलं, कोणाच्या घरी लग्न, सगळं त्यांना पाठ. चोपडावाले दादा राम राम करतात आणि कामाला लागतात, बस्स. पॅक हाऊसची लाइन मालकांनी अर्थातच फैजपूरवाल्यांना दिलेली. दादांकडे हिशेब आणि कूलिंग रूम.

त्या दुपारी गाडी रिकामी झाली, फण्या तुरटीच्या पाण्यात पडल्या. हौदावरच्या आक्का एक फणी हातात फिरवून म्हणाल्या, "भाऊ, हा माल फुल झालाय. कडा राहिल्या नाहीत, गोल लागतोय."

"आक्का, बागेत कॅलिपरने जाडी मोजूनच कापलाय. तुम्ही फक्त हात चालवा, नाहीतर दुबईवाले मलाच पिकवून खातील!"

सगळ्या बाया हसल्या. आक्काही हसल्या आणि फणी पुढे सरकवली. त्या हसण्यात त्यांची सूचना विरून गेली.

केळीतलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: निर्यातीचा माल पूर्ण भरायच्या आधीच कापतात आणि 13-14 अंशांवर ठेवून झोपवल्यासारखा नेतात. त्यात फुल, म्हणजे पूर्ण भरलेला, माल गेला आणि वाटेत पिकायला लागला, की त्याचा इथिलीन वायू शेजारच्या पेट्याही पिकवतो. मग बंदरावर पिवळा कंटेनर उघडतो.

तेवढ्यात बागेतून फोन आला. कापणीची नवी टोळी मजुरीच्या भावावरून काम थांबवून बांधावर बसली होती. फैजपूरवाले मोटरसायकलला किक मारून निघाले, लाइनवर दादा आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आक्का, मघाशी काय म्हणत होत्या?"

आक्कांनी फणी दाखवली. दादांनी कॅलिपर लावला, दुसऱ्या फणीला लावला, आणि लाइन थांबवली. कंटेनरचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, गेटवरून आवाज चढत होते. दादांचा आवाज होता तेवढाच. एक पोरगी म्हणाली, फुल माल वेगळ्या टेबलावर घेऊ, म्हणजे वजनकाट्यावर गर्दी होणार नाही. "घ्या," एवढंच ते म्हणाले. फुल माल लोकल गाडीत गेला, कंटेनर रात्री उशिरा सील झाला.

इथवर वाचून कोणी फैजपूरवाल्यांना नावं ठेवील, तर ते काही बरोबर नाही. बसलेली टोळी त्यांनी थट्टामस्करी करत, भाव ठरवून उठवली, म्हणून तर उरलेला माल आला. मागे एकदा दादांना अशाच टोळीकडे पाठवलं होतं. ते बांधावर उभे, टोळी बसलेली, आणि कोणी कोणाशी बोलेना!

डिप्लोमा करताना वाचलेलं मला त्या रात्री खरं लागलं. 2002 मध्ये टिमथी जज या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांची मोट बांधून नेतृत्व आणि स्वभावाचे पाच गुण यांचा संबंध मोजला. 0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत मिसळणारा बोलका स्वभाव, सगळ्यांत वर, 0.31. त्यामागे कर्तव्यदक्षता, नव्याबद्दलचा मोकळेपणा आणि मन स्थिर असणं. मनमिळाऊपणा जेमतेम 0.08. पण खोच अशी, की बहिर्मुख माणूस पुढारी वाटतो हा संबंध जास्त घट्ट आहे, तो पुढारकी चांगली करतो हा त्यापेक्षा सैल. 2011 मध्ये ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांवरून मांडलं, की सांगेल तेवढंच करणारी माणसं असतील तर बोलका मॅनेजर फायद्याचा, आणि माणसं स्वतःहून सुचवणारी असतील तर तोच तोट्याचा. पिझ्झाच्या जागी केळी घाला, आमचंच पॅक हाऊस.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "मग इन्चार्ज कोणाला करू?"

मी म्हटलं, "हौदावर दादा, बागेत भाऊ."

मालकांना ते पटलं, फैजपूरवाल्यांना नाही. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!