अर्ध्या पानाच्या फॉर्मचे तीन आठवडे

मी नागपुरात अकरावीला बायोलॉजी शिकवते, तेही सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे. ऑफिसात उभं राहायचे काही मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं की पेशी विभाजनाच्या टेस्टनंतर मला पोरांकडून तीनच गोष्टी लिहून घ्यायच्या होत्या. पंचवीसपैकी किती पडतील वाटतं, अभ्यास कसा केला आणि मार्क कुठं गेले. अर्धं पान, बस्स. तर बडे बाबू म्हणे पोरांकडून काही भरून घ्यायचं तर अर्ज द्या, नमुना जोडा, सरांची सही घ्या, मग आवकमध्ये नंबर पडेल. दिला अर्ज. सोमवारी गेले तर सर मीटिंगमध्ये, गुरुवारी गेले तर फाइल सापडून नाही राहिली, पुढच्या आठवड्यात सापडली तर बाबूंच्या डब्याखाली, त्यावर भाजीच्या तेलाचा गोल डाग. तिसऱ्या आठवड्यात मला विचारतात, "मॅडम, पण हे कशासाठी करून राहिले तुम्ही?" अहो, अर्जात पहिल्या ओळीत तेच लिहिलंय ना! तोवर पेपर वाटून झाले होते.

शेवटी पुढच्या टेस्टला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावलं. सात मिनिटं लागली, शिक्का नको की नंबर नको. हेच आधी का नाही सुचलं म्हणून स्वतःचाच राग आला.

आणि लिहिलं काय? जवळपास सगळ्यांनी "अभ्यास कमी पडला". प्रश्नच चुकला होता माझा. मग विचारलं, पुस्तक बंद करून काय काय लिहून पाहिलं? वर्ग एकदम चूप.

एका पोरीचा अंदाज बावीसचा, पडले अकरा. पुस्तक उघडलं तर पिवळ्या-गुलाबी हायलायटरनं नुसतं रंगलेलं. म्हटलं, मिट ते आणि मेटाफेज वन काढ. तिनं गुणसूत्रं मधोमध एकेक करून ओळीत मांडली, म्हणजे मायटोसिसची, साध्या पेशी विभाजनाची आकृती. मेटाफेज वन ही मिओसिसची, म्हणजे अंडपेशी-शुक्रपेशी बनवणाऱ्या विभाजनाची पायरी, तिथं तर समजात जोड्या येतात, आईकडचं आणि वडिलांकडचं सारखं गुणसूत्र शेजारीशेजारी. ती बघतच राहिली. "मॅडम, पाच खेपा वाचलं होतं ना मी!" वाचताना ओळखीचं वाटतं, तेच आलं असं वाटून जातं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी परत परत वाचणारे पुढे होते पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होतं.

हो, एक राहिलंच, अंदाज पेपर वाटायच्या आधी घ्या, नंतर सगळेच शहाणे होतात. आणि या लिखाणाला मार्क ठेवू नका, नाहीतर तुम्हाला आवडेल तेच लिहितात.

फॉर्म अजून तिकडंच आहे. त्या पोरीला यावेळी चौदा पडले, अंदाज तेराचा होता.