सेंट अँड्र्यूज: गावाच्या मालकीचं गोल्फ मैदान

स्कॉटलंडला जाणार असाल तर सेंट अँड्र्यूजला शक्यतो रविवारी पोहोचा. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी ओल्ड कोर्सवर, म्हणजे इथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, गोल्फ बंद असतो आणि मैदान फिरायला सगळ्यांना मोकळं. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, एक आजोबा कुत्र्यासाठी चेंडू फेकत होते. स्विल्कन ओढ्यावरच्या चिमुकल्या दगडी पुलावर फोटोसाठी रांग लागली होती. मागे रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबची १८५४ सालची भारदस्त इमारत. ती पाहून कुणालाही वाटेल की मैदान या क्लबचंच असणार. पण ते गावाचं आहे, आणि मला या जागेचं सगळ्यात मोठं अप्रूप तेच वाटलं.

१४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती. लोक तिरंदाजीचा सराव सोडून याच्याच नादी लागले होते! पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत किनाऱ्यालगतच्या या जमिनीवर ससे पाळायची मुभा त्यांना मिळाली आणि खेळायचा, गुरं चारायचा गावकऱ्यांचा हक्क कायम राहिला. म्हणजे आपलं गायरानच म्हणा ना. रॉयल अँड एन्शंट क्लब आला त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७५४ मध्ये. १७६४ मध्ये इथल्या २२ होल्सचे (चेंडू घालायच्या खळग्यांचे) १८ झाले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

मला मात्र सशांचं प्रकरण जास्त रंजक वाटलं. अठराव्या शतकाच्या शेवटी कर्जबाजारी झालेल्या नगर परिषदेच्या हातून ही जमीन गेली आणि सशांचे व्यापारी तिथे आले. ससे बिळं खणून मैदानाची चाळण करू लागले. गोल्फवाले चिडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जमीन विकत घेऊन गोल्फ वाचवला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली. १९७४ पासून एक ट्रस्ट कारभार पाहतो. क्लबचे सभासद इथे खेळतात, पण मालक म्हणून नाही.

त्याच १८२१ मध्ये टॉम मॉरिस हा गोल्फपटू जन्मला. पुढे त्याने बरीच वर्षं या मैदानाची निगा राखली. कॅथेड्रलच्या भग्न आवारात त्याची कबर आहे. शेजारच्या भिंतीत त्याच्या मुलाचं शिल्प आहे: डोक्यावर टोपी, हातात गोल्फची काठी, चेंडू मारायच्या पवित्र्यात. बापासारखाच चार वेळा ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकलेला हा पोरगा १८७५ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. तिथून माझा पाय लवकर निघेना.

मैदानालगतचं ‘हिमालय’ हे पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत खळग्यात घालायची हिरवळ, चुकवू नका. ते बायकांच्या क्लबचं, १८६७ पासूनचं. रॉयल अँड एन्शंट क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचा निर्णय घेतला तो थेट २०१४ मध्ये! हे मला खटकलंच. ‘हिमालया’वर मात्र थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येतं. चढउतार असे की नीट मारलेला चेंडूसुद्धा गडगडत पायाशी परत येतो.