शेजारशेजारचे शब्द

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे पत्र आले, तेव्हा मी कपाटातून आठवीतली दोनशे पानी वही बाहेर काढली. तिच्या प्रत्येक पानावर इंग्रजी शब्दांची एकेक जोडी आहे आणि तिच्याखाली आम्ही केलेली वाक्ये आहेत. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ही वही वर्गातल्या प्रत्येकाकडून करून घेतली होती. पुढे जिल्हा न्यायालयात मी भाषांतरकार म्हणून आयुष्यभर नोकरी केली, ती या वहीच्या शिदोरीवर.

त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे आणि आम्ही प्रत्येक शब्दापुढे एक मराठी अर्थ लिहून तो घोकत असू. खासबाग मैदानातल्या कुस्तीवर निबंध लिहिताना मी ‘आमच्या पैलवानाने समोरच्या पैलवानाला जिंकले’ हे वाक्य मनात धरून तिथे ‘विन’ हे क्रियापद वापरले. सरांनी त्यावर लाल रेघ मारली नाही. त्यांनी फळ्यावर ‘विन’ आणि ‘बीट’ हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि पैलवान मैदानातून घरी काय घेऊन गेला, एवढेच विचारले. गदा, फेटा, इनाम अशी उत्तरे आली. जे मिळाले ते ‘विन’च्या पुढे येते, आणि ज्याला हरवले तो माणूस ‘बीट’च्या पुढे येतो; म्हणून कुस्ती ‘विन’ करायची आणि प्रतिस्पर्ध्याला ‘बीट’ करायचे, हे त्या दिवशी कळले. दुसऱ्याच दिवशी ‘स्टील’ आणि ‘रॉब’ ही जोडी आली. ‘स्टील’च्या पुढे चोरलेली वस्तू येते, तर ‘रॉब’च्या पुढे ज्याचे गेले तो माणूस किंवा ती पेढी येते. मराठीतही आपण घड्याळ चोरतो आणि वाटसरूला लुटतो, हे सरांनी दाखवले, तेव्हा आपल्याच भाषेकडे मी प्रथमच नीट पाहिले.

वहीतले मला सर्वांत प्रिय असलेले पान मटणाचे आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबाराची व उमरावांची भाषा फ्रेंच राहिली. गोठ्यातल्या जनावरांची नावे जुन्या इंग्रजीतलीच राहिली, म्हणजे ‘शीप’, ‘पिग’, ‘काऊ’. ताटात पडणाऱ्या मांसाला मात्र पुढे ‘मटन’, ‘पोर्क’, ‘बीफ’ हे फ्रेंचमधून आलेले शब्द रूढ झाले. हे सांगून झाल्यावर सरांनी विचारले, ‘तुमच्या घरी रविवारी काय आणतात?’ सगळा वर्ग ओरडला, ‘मटण!’ जत्रेला कापतात ते बकरे आणि तांबड्या रश्श्यात शिजते ते मटण, ही वाटणी आम्ही कोल्हापूरकर रोज बोलताना करतो आणि त्यासाठी वापरतो तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला आहे, हे ऐकून मी थक्क झालो. इंग्लंडात त्या शब्दाचा अर्थ मेंढीचे मांस असा आहे आणि आपल्याकडे तो बहुधा बकऱ्याला लागतो, ही पुढची गोष्ट मी स्वतः शोधून वहीत लिहिली. त्या पानावर सरांची सही आहे.

इंग्रजी शब्दांचे बारकावे शिकवताना त्यांनी मराठीला कधी कमी लेखले नाही. इंग्रजीत अंगावर चढणाऱ्या सगळ्याला ‘वेअर’ हे एकच क्रियापद चालते. आपण मात्र लुगडे नेसतो, फेटा बांधतो, सदरा घालतो आणि दागिना लेतो.

न्यायालयात रुजू झाल्यावर ‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांची जोडी पुन्हा समोर आली आणि आता तिच्यावर माणसांची शिक्षा अवलंबून होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरी, जबरी चोरी आणि दरोडा हे वेगवेगळे गुन्हे होते. चोरी करताना किंवा माल घेऊन जाताना त्यासाठी दुखापत केली, अडवून धरले किंवा तत्क्षणी इजा होण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी होत असे. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर तो दरोडा ठरत असे. एका वृद्ध फिर्यादी मावशींनी साक्षीत सांगितले होते, ‘माळ चोरली न्हाई साहेब, हिसकावली.’ त्या साक्षीचा इंग्रजी तर्जुमा करताना मी ‘स्टील’ लिहिले असते, तर झटापट पुसली गेली असती, आणि ‘रॉब’ लिहिले असते, तर न्यायाधीशांनी ठरवायची गोष्ट मीच ठरवल्यासारखे झाले असते. मी ‘स्नॅच’ हा शब्द वापरला, कारण मावशींनी जे सांगितले होते, तेवढेच त्या शब्दात होते. त्या वेळच्या संहितेत त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये तो आला, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तरीही ‘स्टील’ आणि ‘स्नॅच’ ही जोडी मी सरांच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली आहे.